चंद्राची कव्हरं

घाडीकाकांच्या घरी गेलं की आधी हात धुवायला लागायचे. 'बसा' नंतर, पाणी नंतर, आधी मोरीकडे बोट. साबण लावून झाला की काका टॉवेल पुढे करायचे, पण लगेच हातात द्यायचे नाहीत. म्हणायचे, "मागची बाजू दाखवा." नुसते तळवे दाखवून भागत नसे. हात उलटे करायचे, मग नखांची तपासणी, मग टॉवेल. मी पहिल्यांदा गेले ती सोसायटीची सेक्रेटरी म्हणून, खालच्या मजल्यावरून आलेली वाळवीची तक्रार घेऊन. पन्नाशीच्या बाईला कोणी दुसरीतल्या पोरीसारखे हात उलटे करायला लावले तर काय होईल? मी ओल्या हातांनीच दाराबाहेर पडले आणि खाली जाऊन त्यांच्या नावाने कडक पत्र लिहिलं. काकांनी ते पत्र घेतलं, उलटं केलं, कोरी पाठ बघितली आणि म्हणाले, "कागद चांगला वापरता तुम्ही."

आमच्या मुलुंडच्या त्या तीन मजली बिल्डिंगच्या जागी आता निळे पत्रे आहेत आणि पत्र्यांच्या आत सातवा स्लॅब पडलाय. काकांनी नव्या घराची वाट बघितली नाही, गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांचा संग्रह एका शाळेने घेतला आणि काचेच्या कपाटात नीट मांडलाय. मी बघून आले. पण काचेतून एकाही वस्तूची मागची बाजू दिसत नाही. काकांनी शाळेला माझ्यापेक्षा कडक पत्र लिहिलं असतं.

वसंत घाडी. मूळ मालवणकडचे, जन्म घाटकोपरच्या एका खोलीतला. वडील गिरणीत, आणि हे स्वतः भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. कारखाना बंद पडला, काकू गेल्या, आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत काका आणि त्यांचा चंद्र एवढेच उरले. माणूस अंतराळात जायला लागला, चंद्रावर उतरला, त्या काळातल्या वस्तू ते जमवायचे. हे ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी चकचकीत यायचं. यानाचा तुकडा, परदेशी पदकं, सह्या केलेले फोटो. लोक उत्साहाने वर यायचे, हात धुवायचे, मागची बाजू दाखवायचे, आणि काका त्यांच्यासमोर ठेवायचे एक काडेपेटी. तिच्यावर अग्निबाण छापलेला.

मग लग्नपत्रिका यायची. त्यात नवरानवरी अग्निबाणावर बसून निघालेत आणि खाली 'आहेर आणू नये' असं लिहिलंय. मग सलूनमधलं कॅलेंडर, तीन अंतराळवीरांच्या गळ्यात चितारलेले झेंडूचे हार. विक्रोळीच्या कुठल्याशा गणेश मंडळाचा अहवाल, त्यात देखाव्याचा फोटो: बाप्पा चंद्रावर, शेजारी पुठ्ठ्याचं यान, आणि उंदीरमामांच्या डोक्यावर काचेचं शिरस्त्राण. ते शिरस्त्राण म्हणजे उलटी ठेवलेली लोणच्याची बरणी आहे, हे काका भिंग देऊन दाखवायचे. "चंद्रावरचं माझ्याकडे काही नाही हो," ते म्हणायचे. "चंद्र आपल्या गल्लीत कसा आला, एवढंच आहे."

पण खरा जीव वह्यांत. तेव्हा जूनमध्ये शाळा सुरू झाली की वह्यांना कव्हरं घालायची असत. खाकी कागद मिळाला तर खाकी, नाहीतर परदेशी मासिकांची गुळगुळीत पानं. ती पानं जाड असायची, चकचकीत असायची, पावसात टिकायची, आणि त्यांवर कधी ट्रॅक्टर असे, कधी बर्फ, कधी अंतराळवीर. काकांकडे अशा चारशेच्या वर वह्या होत्या. यानाच्या चित्राखाली 'नागरिकशास्त्र'. पृथ्वीच्या निळ्या गोळ्यावर पट्टी चिकटवून 'कु. मंगल, इयत्ता सहावी ब'. त्यांचा नियम एकच: कव्हर काढायचं नाही. घडी ज्या हाताने घातली तशीच राहिली पाहिजे. मात्र एक विचित्र सवय होती. नवी वही हाती आली की काका पुठ्ठा आणि कव्हर यांच्यातली फट नखाने जरा उचलायचे, पेनाएवढ्या टॉर्चचा उजेड आत सोडायचे आणि एक डोळा मिटून आत बघायचे. मग मान हलवून वही बाजूला ठेवायचे.

"आत काय असतं, काका?" मी एकदा विचारलं.

"पाठ," ते म्हणाले. आणि टॉर्च विझवला.

रद्दीवाले त्यांना ओळखून होते. घाटकोपरच्या जुन्या गल्लीतला एक रद्दीवाला तर त्यांना बघितलं की वजनकाटा थांबवून म्हणायचा, "आओ चांदवाले काका." आठवड्यातून तीनदा तिथे फेरी. बाकी दिवस विक्रोळी, कुर्ला, कधी पार अंधेरी. आता पन्नास वर्षांपूर्वीच्या वह्या रद्दीत येतात कुठून? यायच्या, वर्षाकाठी दहा-पंधरा. कोणाची आई गेली, कोणाचा माळा साफ झाला, की यायच्या.

अंधेरीचेच एक गृहस्थ एकदा आले होते. मोठे संग्राहक. बरोबर आल्बम, पांढरे हातमोजे, सगळं. त्यांनी आल्बम उघडला आणि तिकिटं दाखवायला लागले, सह्या दाखवायला लागले. काकांनी प्रत्येक पानाला "वा" म्हटलं आणि प्रत्येक पान उलटून बघितलं. मग त्या गृहस्थांनी काकांची एक वही उचलली. वरचं चित्र दुर्मीळ आहे म्हणाले, आणि बोलता बोलता कव्हरच्या घडीत बोट घातलं.

"ओ साहेब, हात काढा."

"अहो, आतली वही काय कामाची? कोणाचं तरी शुद्धलेखन आहे. चित्र सोडवून घेऊ, मी नीट प्रिझर्व्ह करतो."

"ज्याने घातलंय त्याने काढावं," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी तिथेच बसले होते आणि माझाही कप हातात थांबला. गृहस्थांनी हातमोजे काढले, आल्बम मिटला. काका त्यांना खालपर्यंत सोडायला गेले आणि वर येऊन मला म्हणाले, "हातमोजे घातले म्हणजे हात धुवायला नकोत असं वाटतं लोकांना."

बिल्डिंगमधल्या आयांना काकांची एक गोष्ट पाठ होती, कारण कुणाच्या पोराने डबा, छत्री, काहीही हरवलं की काका तीच सांगायचे. पाचवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत त्यांची गणिताची वही हरवली. घरात एक खोली, तिच्यात सहा माणसं, वही जाणार कुठे? पण गेली. शाळा उघडल्यावर मास्तरांनी दोन्ही हातांवर छड्या दिल्या आणि जूनपासूनची सगळी गणितं पुन्हा सोडवून आणायला सांगितली. "नाताळपर्यंत सोडवत होतो," काका सांगायचे. "म्हणून पुढे टूलरूममध्ये माझं माप कधी चुकलं नाही. वही हरवली ते झकास झालं." पोरं हसायची. आयांना वाटायचं, हरवण्याला हा माणूस उत्तेजन कशाला देतो?

आता हे सगळं असून गंमत अशी की काकांना अंतराळात काडीचा रस नव्हता. आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी आम्ही पार्किंगमध्ये पांढरी चादर बांधून प्रोजेक्टर लावला होता. काकांना पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, नारळ दिला. मी चार शब्द बोलले, त्यात 'आपले चंद्रतज्ज्ञ' असंही म्हणून टाकलं. शेवटची पाच मिनिटं आली, सगळे श्वास रोखून बसले, आणि बघते तर पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. काका मागे पाण्याच्या टाकीपाशी उभे, चादरीकडे पाठ, कानाला फोन.

"बाय, बघतंस मां?" ते विचारत होते. बाय म्हणजे त्यांची मोठी बहीण शालनताई, चेंबूरला राहायची. "होय... होय... मगे? आता खय इला?"

पलीकडून ती टीव्हीवर दिसतंय ते सांगत होती आणि हे मान डोलवत ऐकत होते. पाठीमागे तेच चित्र दहा फुटांचं दिसत होतं, पण ते वळले नाहीत. मग एकदम सगळी सोसायटी ओरडली, फटाके लागले, आणि फोनमध्ये बहीण रडत असावी, कारण काका "रडा नको गो, रडा नको" म्हणत होते. मला राग आला, खोटं कशाला सांगू. शाल आमची, नारळ आमचा, आणि ह्यांना वळून बघायला काय झालं होतं?

पुढच्या वर्षी रिडेव्हलपमेंटचा करार झाला. घरं रिकामी करायची तारीख ठरली आणि मी रोज एकेकाचं दार ठोठावत फिरू लागले. बाकीच्यांचे टेम्पो लागले, काकांच्या खोलीत मात्र खोकी वाढत होती. बावन्न खोकी. तात्पुरती जागा मिळाली होती ती एका खोलीची. आठ दिवस राहिले तेव्हा मी वर गेले, न सांगता हात धुतले, उलटे करून दाखवले आणि म्हणाले, "काका, एवढं मावणार नाही. ह्यातलं महत्त्वाचं काय ते बाजूला काढा, बाकीचं शाळेला देऊ."

त्यांनी खोक्यांकडे बघितलं. "महत्त्वाचं ह्यात काही नाही," म्हणाले.

मला वाटलं चिडून बोलतायत. पण ते जमिनीवर बसले आणि सांगायला लागले.

चंद्राचं वेड बायचं. ती अकरावीला होती. माणूस चंद्रावर उतरला आणि तिने अमेरिकेत त्यांच्या अंतराळवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं, शाळेतल्या बाईंकडून तपासून घेऊन. चाळीत सगळे हसले. पाच महिन्यांनी मोठा लिफाफा आला. आत सहा मोठाले रंगीत कागद, घडी घातलेले. चंद्र, यान, चंद्राच्या मातीत उमटलेला बुटाचा ठसा. ती ते कागद बघायच्या आधी हात धुवायची. धाकट्या भावाला दाखवायच्या आधी त्याचेही धुवायची. तिला पुढे शिकायचं होतं, पण मे महिन्यात लग्न लावून दिलं. जाताना लिफाफा भावाच्या हातात दिला. सासरी कुठे नेणार, म्हणाली, वसू, तू सांभाळ.

"आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली," काका म्हणाले. "खाकी कागद आणला नव्हता. कव्हर नसलं की वर्गाबाहेर उभं करायचे. सहा वह्या होत्या आणि सहा कागद. आईला काय कळतंय, तिने विचारलं, हे घालू का? मी घाल म्हटलं. सहाच्या सहा. वर्गात काय भाव होता माझा! सगळी पोरं माझ्या बाकाभोवती. बायची आठवणसुद्धा झाली नाही."

दिवाळसणाला बाय माहेरी आली आणि तिने लिफाफा मागितला. वसूने सांगितलं, उंदरांनी खाल्ला. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. वर्ष संपलं आणि वह्या रद्दीत गेल्या.

"तिने प्रत्येक कागदामागे स्वतःचं नाव घातलेलं," काका म्हणाले. "म्हणून पाठ बघतो. एक तरी सापडेल. तिला वाटतं मला चंद्राचं वेड आहे. दर भाऊबीजेला काहीतरी हुडकून आणून देते, ही काडेपेटी तिचीच, ते कॅलेंडर तिचंच. आणि मला, खरं सांगू, चंद्र डोळ्यांसमोर धरवत नाही. आता तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाही. तिला दिसतंय तोवर एक कागद तिच्या हातात ठेवायचा होता. आता पत्रे लागणार, मी त्या एका खोलीत जाणार आणि तिला दिसायचं बंद होणार. झालं."

"सांगून टाका ना मग! एवढी वर्षं झाली, ती काय तुम्हाला मारणार आहे?"

"मारलं असतं तर बरं," काका म्हणाले.

मी खाली आले. लाज वाटत होती, त्या संध्याकाळच्या रागाची. माझा स्वभाव मूळचा नाक खुपसणारा, म्हणून तर तीन वेळा सेक्रेटरी झाले. सोसायटीच्या रजिस्टरमधून शालनताईंचा नंबर काढला आणि एवढंच बोलले की काका एकटे आहेत, सामान आवरत नाही, शेवटच्या दिवशी याल का?

त्या आल्या. नातवाने टॅक्सीतून उतरवून दिलं, मी हात धरून दोन जिने चढवले. ठेंगणी, काळा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. पायऱ्या त्या पायाने चाचपत होत्या. दारात पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "वसू, खय बसलंस?" म्हणजे दिसणं जवळजवळ संपलं होतं. काका माझ्याकडे बघत राहिले. सहा महिन्यांत त्या आल्या नव्हत्या आणि फोनवर त्यांनी हे कळू दिलं नव्हतं.

मी त्यांना एका खोक्यावर बसवलं. काका दुसऱ्या खोक्यावर. आणि काकांनी एकदम, माझ्या देखत, सगळं ओकून टाकलं. जून, खाकी कागद, सहा वह्या. "उंदरांनी नाय खाल्ल्यांनी, बाय. मीच."

"अरे, माका तेव्हाच कळला होता," त्या म्हणाल्या. "आपल्या खोलयेत उंदीर खय होते? बाजूची मांजर येक ठेवी नाय." आणि पिशवीत हात घालून त्यांनी साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि समोर, अंदाजाने, धरलं. "ह्या तुझा तुका. मीच नेलंय दिवाळसणाक. फळीवर सगळ्यात वर होती. मगे आयेन सांगल्यान, मास्तरान तुका छडयेन मारल्यान म्हणान. तुका काय तोंड दाखवू? ठेवलंय तशीच. आता माका दिसणा नाय, तुझ्याकडे रवांदे."

फडक्यात शंभर पानी वही होती. कव्हरवर चंद्राच्या मातीतला बुटाचा ठसा, आणि ठशाच्या टाचेवर चिकटवलेली पट्टी: वसंत अर्जुन घाडी, इयत्ता पाचवी, गणित.

घाटकोपर, विक्रोळी, कुर्ला, अंधेरी, इतकी वर्षं टॉर्च घेऊन हा माणूस फिरला आणि वही चेंबूरला बहिणीच्या कपाटात. दोघं दर भाऊबीजेला समोरासमोर बसत होते. काकांनी वही उघडली, शेवटचं गणित बघितलं. "हा बरोबर होता," एवढंच म्हणाले. मग त्यांनी ती पालथी मांडीवर घेतली आणि चारशे वह्यांच्या बाबतीत जे कधी केलं नव्हतं ते केलं. कव्हरची घडी सोडवली. एक कोपरा, दुसरा कोपरा. आईच्या हातची घडी होती, कागद मोडीवर पांढरा झाला होता. त्यांनी तो उलटा केला.

"काय लिवलंय मी? वाच," शालनताई म्हणाल्या. "माका आता याद नाय."

काका वाचू लागले. "शालन अर्जुन घाडी. अकरावी अ." मग थांबले. खाली आणखी एक ओळ होती, शाईच्या पेनाने, बारीक अक्षरात. "'ह्या कागदाला कोणीही हात लावू नये. वसूने तर मुळीच नाही.'"

आधी त्या हसल्या. मग काका हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे बघायला लागले. पाठीमागे शालनताईंचा आवाज आला, अगदी मोठ्या बहिणीचा, "हात धुतलंस काय?"

"नळाक पाणी नाय, बाय."

पाणी सकाळीच तोडलं होतं. माझ्याच सहीने. मी पर्समधली बाटली काढली आणि काकांना मोरीपाशी बोलावलं. ते पुढे वाकून उभे राहिले, मी वरून पाणी ओतत होते आणि ते हात चोळत होते, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, पाचवीतल्या पोरासारखे मन लावून. बाटली संपली. टॉवेल खोक्यात गेला होता म्हणून त्यांनी शर्टाला हात पुसले आणि बहिणीसमोर येऊन दोन्ही तळवे पुढे केले.

शालनताईंनी ते चाचपून बघितले.

"मागची बाजू दाखय," त्या म्हणाल्या, आणि काकांनी हात उलटे केले.